मामींच्या पारायणातलं यान

गेल्या दोन वर्षांत मी विज्ञानकथेच्या एकवीस पुस्तकांवर अधिकारवाणीनं बोललो आणि त्यातलं एकही वाचलं नाही.

हे सांगताना माणसाला लाज वाटायला पाहिजे, कबूल आहे. पण माझ्याकडं होती नव्हती तेवढी लाज एका रविवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी खर्च झाली. तीही थेट प्रक्षेपणात, शेकडो लोकांसमोर! आता शिल्लक काही नाही, म्हणून निवांत सांगतो.

मी झरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि परभणीहून रोज एसटीनं जाणं-येणं करतो. शाळेत मी बोलायला लागलो की पोरं खिडकीबाहेर बघतात. स्टाफरूममध्ये बोलायला लागलो की मास्तर लोक बदल्यांचा विषय काढतात. घरी बोलायला लागलो की बायको मिक्सर लावते. अशा माणसाला एक दिवस मोबाइलवर 'ग्रहतारे वाचक मंडळ' सापडलं. गावोगावची माणसं विज्ञानकथा वाचतात, पुस्तक हातात धरून आपला व्हिडिओ करतात, बाकीचे तो बघून खाली मत लिहितात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच वाजता सगळे एकदम पडद्यावर येतात. प्रत्येकाचा एक चौकोन, चौकोनाखाली नाव. मी भीत भीत एक व्हिडिओ टाकला, तर खाली कुणीतरी लिहिलं, "सर, डोळे उघडले!" वीस वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही.

अडचण एकच होती. कुठलंही पुस्तक उघडलं की सातव्या पानावर मला झोप लागते. यात पुस्तकाचा दोष नसतो. (माझ्या लग्नाची पत्रिका चारच पानांची होती, म्हणून वेळेवर पोचलो.) आणि मंडळाचा नियमही एकच होता: वाचल्याशिवाय बोलायचं नाही. एक इंजिनिअर एकदा पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर वाचून बोलत होते. मंडळ चालवणाऱ्या केतकीताईंनी गोड आवाजात त्यांना तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नानंतर त्यांचा चौकोन आमच्या डोळ्यांदेखत विझला. नंतर त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

मग माझं कसं भागत होतं? मामींच्या जिवावर!

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. गाव चारठाणा, शिक्षण चौथी, वय सत्तरीच्या पुढं. सासरे गेल्यावर माझ्या बायकोनं, म्हणजे मीनानं, त्यांना आमच्याकडं आणलं. येताना त्यांनी एक लोखंडी पेटी आणली. पेटीत चार लुगडी आणि पाच पोथ्या. त्या पोथ्यांची पारायणं संपली आणि एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर येऊन बघतो तर मंडळाकडून आलेलं माझं नवंकोरं पुस्तक पाटावर! पाटाभोवती रांगोळी, मुखपृष्ठावरच्या तबकडीला हळदकुंकू, बाजूला उदबत्ती, आणि मामी डोक्यावर पदर घेऊन ओळीवर बोट ठेवून वाचायलेल्या: "यानाचा वेग परकाशाच्या निम्मा झाला..."

"मामी, ही पोथी नाही हो!"

मामींनी हातानंच मला गप्प केलं. अध्याय संपला, पुस्तकाला नमस्कार झाला, मग म्हणाल्या, "अक्षरं हायत का न्हाई? अध्याय हायत का न्हाई? मंग!"

तेव्हापासून आमच्या घरी विज्ञानकथेचं पारायण सुरू झालं. नियम पक्के. रोज अंघोळीनंतर एकच अध्याय. वाचताना उठायचं नाही आणि घरच्यांनी हाक मारायची नाही. शेवटचा अध्याय पुरणपोळीचा नैवेद्य दाखवल्यावरच वाचायचा, त्याला समाप्ती म्हणायचं. आणि समाप्तीच्या आधी शेवट डोळ्यानं बघायचा नाही, कानानं ऐकायचा नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मामी त्या दिवशीचा अध्याय मीनाला सांगायच्या. मी तिथंच वह्या तपासत बसायचो. म्हणजे वही हातात आणि कान तिकडं.

"दोनशे माणसं अकरा वरसं यानात बसून चाललीत मीने, पण यानात चूल कुठं हाय? खायलेत काय? का नुसतंच बटणं दाबायलेत?"

मी व्हिडिओत म्हणालो, "लेखकानं अंतराळप्रवासातील अन्नव्यवस्थेकडे अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे." वाहवा!

दुसऱ्या एका पुस्तकात एक बाई हजार वर्षं जगायची. मामी म्हणाल्या, "हजार वरसं! आगं, भावकी किती झाली आसंल तिची! रानाच्या वाटण्या कशा केल्या? ते न्हाईच लिहिलं की!"

मी म्हणालो, "अमरत्वाच्या संकल्पनेतला वारसाहक्काचा प्रश्न लेखिकेला पेलवलेला नाही." एका प्राध्यापकांनी लिहिलं, "सर, या अंगानं आजवर कुणी विचारच केला नव्हता."

आणि यंत्रमानवाचं पुस्तक आलं तेव्हा तर मामींनी मेथीची जुडी बाजूलाच ठेवली. "त्याला भूक न्हाई, झोप न्हाई, उलटून बोलत न्हाई, अन् दिवसभर राबतंय. मंग हे नवीन काय काढलं? आमी सून म्हणून आलो तवा आमच्याकडून हेच करून घेत व्हते की!"

त्या व्हिडिओनंतर मला मंडळात 'परभणीचे सर' अशी पदवी मिळाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मामींना यातलं काही माहीत नव्हतं. मी मोबाइलसमोर बसून शाळेचं काम करतो, असंच त्यांना वाटायचं. मीनाला मात्र सगळं मालूम होतं.

"आईचं नाव तरी घ्या एकदा," ती म्हणायची.

"घेतो गं. योग्य वेळ येऊ दे."

दोन वर्षं झाली, योग्य वेळ काही परभणीकडं फिरकली नाही.

उन्हाळ्यात केतकीताईंचा फोन आला. "सर, या महिन्याच्या कादंबरीच्या लेखिका रविवारी स्वतः येणार आहेत. आणि त्यांना तुमच्याशीच बोलायचंय! यानातल्या अन्नव्यवस्थेबद्दल तुम्ही बोललात ना, ते ऐकून त्यांनी या यानात अख्खं स्वयंपाकघर घातलंय. तुम्ही फक्त शेवटावर बोला. शेवटावरून फार वाद चाललाय."

"शेवटावर? आनंदानं!" मी म्हणालो. मामींची समाप्ती शनिवारी होती. शनिवारी समाप्ती, रविवारी माझं भाषण. सगळं कसं घड्याळासारखं!

कादंबरी अठरा अध्यायांची होती. एक कमांडर बाई माणसांनी भरलेलं यान घेऊन दुसऱ्या ग्रहाकडं निघालेली असते. अर्ध्या वाटेवर यानातलं पाणी संपत येतं. पुढं जायचं की मागं फिरायचं? शुक्रवारी सकाळी मामींचा सतरावा अध्याय झाला आणि संध्याकाळची वाट न बघता त्या मीनाला म्हणाल्या, "आता उद्या कळंल काय करती ती. मला तर चैन पडंना." मीनानं पुरणासाठी हरभऱ्याची डाळ काढून ठेवली. मी शर्टाला इस्त्री केली.

दुपारी चारठाण्याहून फोन. मामींच्या चुलत दिराच्या नातवाला मुलगा झाला!

"अरे वा!" मी ओरडलो. (मूर्ख माणूस!) मामींनी शांतपणे मीनाकडून कादंबरी उचलून घेतली, खणाच्या कापडात गुंडाळायला लावली आणि देवघरावरच्या फळीवर ठेवायला लावली.

"मामी, हे काय करायलाव?"

"सोयर आलं न्हवं. भावकीत बाळ झालं की धा दिवस देवाला, पोथीला शिवायचं न्हाई."

"दहा दिवस!" माझ्या पायाखालची फरशी सरकली. "पण मामी, सोयर तुम्हाला. मी तुमच्या भावकीतला कुठं? मी वाचतो की शेवटचा अध्याय!"

"पारायण कुणी बसवलं?"

"तुम्ही."

"मंग? माझं पारायण तुमी मधीच उचललं तर मोडतंय ते. आन् तुमाला एवढी काय घाई? यान काय परभणीच्या स्टँडवरून सुटायलंय?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. मी तसाच उन्हात बाहेर पडलो आणि स्टेशन रोडवरची पुस्तकांची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "स्पर्धा परीक्षेला हाय का हे?"

"नाही."

"मंग कशाला वाचायलाव, सर?"

मंडळातल्या कुणाला शेवट विचारावा, तर माझ्याच तोंडानं गुन्हा कबूल केल्यासारखं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला आता दोन दिवस उरले होते. एकदा तीन प्रश्न विचारले गेले की माझा चौकोन विझणार आणि मी पुन्हा खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरांचा मास्तर होणार. तुम्हाला ही गंमत वाटेल. मला त्या रात्री... जाऊ द्या, झोप लागली नाही एवढं पुरे. (हातात पुस्तक नव्हतं ना!)

शनिवारी सकाळी मामी शेजारी कुरडया करू लागायला गेल्या. मी म्हणालो, "मामी, कुरडयांना सोयर नाही लागत?"

"कुरडयांला काय लागतंय? त्या काय देव हायत?"

त्या दाराबाहेर पडल्या आणि मी स्टुलावर चढलो. मीना कंबरेवर हात ठेवून खाली उभी.

"अहो, उतरा. आईला कळलं तर?"

"दहा मिनिटं! एक अध्याय! परत जसंच्या तसं बांधून ठेवतो."

घरात वाचलं तर सापडण्याची भीती, म्हणून पुस्तक बनियनखाली धरून गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसलो. खण सोडला.  अठरावा अध्याय उघडला. खरं सांगतो, पहिल्यांदाच मला कथेची ओढ लागली. एक पान झालं. सहा पानं झाली. कमांडर काचेपाशी उभी. समोर दोन बटणं. हिरवं दाबलं तर यान पुढं जाणार, तांबडं दाबलं तर मागं. सगळं यान श्वास रोखून बघायलंय. तिनं हात उचलला...

आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन पायावर आलेलं. समोर मामी उभ्या होत्या. डोक्यावर ओल्या कुरडयांचं ताट (वाळवायला आमचीच गच्ची मोठी!), आणि नजर माझ्या पोटावर. पोटावर पुस्तक पालथं, खणाचं कापड उशाला, आणि पायात माझ्या चपला.

जावयाला टाकून बोलायचं नाही, ही चारठाण्याची रीत.  मामींनी ताट खाली ठेवलं आणि त्या वळून गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! अर्ध्या तासानं मीना निरोप घेऊन आली.

"पारायण मोडलं म्हणायलीय आई. सोयर फिटलं की पहिल्या अध्यायापासून बसणार."

मी बोटांवर मोजलं. दहा आणि अठरा, अठ्ठावीस दिवस. माझ्याकडं एक दिवस होता. पुस्तक तोवर मीनाच्या हातून लोखंडी पेटीत गेलं होतं आणि पेटीची किल्ली मामींच्या कनवटीला. शिवाय मामींनी माझ्याशी अबोला धरला. जेवताना माझ्यापासून हातभर अंतरावर बसून म्हणाल्या, "मीने, विचार त्यांला, भाकर वाढू का."

"सांग, नको," मी म्हणालो.

"मीने, त्यांला म्हणावं, उपाशी झोपू नका. जावायाला उपाशी ठिवलं म्हणून आमचं नाव खराब व्हतंय."

मी दोन भाकरी खाल्ल्या. 

रविवार उजाडला. चार वाजता मी हॉलमध्ये मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. मागं भिंतीवर चादर लावली. इस्त्रीचा शर्ट घातला, खाली लुंगी ठेवली, कारण चौकोन छातीपर्यंतच दिसतो. माझा बेत साधा होता. गोल गोल बोलायचं आणि नेटवर्क गेल्यासारखं करून सुटायचं. पण त्या दिवशी नेटवर्क असं झकास, जसं काही यानातूनच यायलंय! पाचच्या ठोक्याला पडदा चौकोनांनी भरला. मधल्या चौकोनात लेखिकाबाई. चष्मा, कपाळावर मोठी टिकली, हातात वही. वही बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पहिली पंधरा मिनिटं स्वागतात गेली. मग केतकीताई म्हणाल्या, "आता आपले परभणीचे सर. सर, शेवट कसा वाटला?"

"शेवट..." मी घसा साफ केला. "खरं म्हणजे तो शेवट नाहीच. ती एक सुरुवात आहे." (हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालतं. लग्नालाही चालतं.)

"अगदी बरोबर!" लेखिकाबाई खूश.

मला जरा अवसान आलं. "आणि ती दोन बटणं! हिरवं आणि तांबडं! ती नुसती बटणं नाहीत."

"हो ना! मग तिनं जे केलं, ते पटलं तुम्हाला?"

"एका अर्थानं पटलं," मी म्हणालो. "आणि एका अर्थानं नाही पटलं."

"कोणत्या अर्थानं नाही?"

मी रुमाल काढला. कपाळ पुसलं. परत पुसलं. केतकीताईंचा आवाज गोड झाला. तो आवाज मी ओळखला. इंजिनिअरच्या वेळी हाच आवाज होता!

"सर, तिनं नेमकं काय केलं, ते तुमच्या शब्दांत सांगा ना."

"माझ्या शब्दांत..."

"हिरवं की तांबडं, सर?"

म्हणजे निम्मी तरी आशा होती! मी डोळे मिटले. मनात म्हणालो, परभणीचा माणूस पाण्यासाठी मागं फिरेल की पुढं जाईल? तोंड उघडलं, "तिनं..."

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "नळ आलाऽऽ!"

आमच्याकडं नळाला पाणी दहाव्या दिवशी येतं. ते येतं तेव्हा माणूस हातातला घास ठेवून उठतो. गल्लीत घागरी वाजल्या, मोटारी सुरू झाल्या, मीना ओरडली, "आई, पाइप घे!" आणि आमचा पाइप खिडकीतून आत येतो तो हॉलमधून, म्हणजे माझ्या मोबाइलसमोरूनच, स्वयंपाकघरातल्या ड्रमकडं जातो. मामी लुगडं खोचून, पाइपाचं तोंड हातात धरून हॉलमध्ये आल्या. आणि त्याच क्षणाला लेखिकाबाई, माझी दया येऊन असेल, म्हणाल्या, "सर विसरले बहुतेक. मीच सांगते. तर कमांडर शेवटी..."

"थांबा!" मामी कडाडल्या. "ओ बाई, थांबा! शेवट बोलू नका!"

सगळे चौकोन दचकले. मामी पाइपासकट माझ्या मोबाइलसमोर येऊन वाकल्या होत्या. पडद्यावर माझ्या नावाच्या वर एक मोठा चष्मा तेवढा दिसत होता.

"माझं आजून वाचून झालं न्हाई. सोयर हाय मला," त्या म्हणाल्या.

"आजी, तुम्ही कोण?" केतकीताईंनी विचारलं.

"मी ह्यांची सासू."

"अरे वा! म्हणजे तुम्ही दोघंही ही कादंबरी वाचताय?"

"दोघं कुठं? मीच वाचायले. हे वाचत न्हाईत. ह्यांला सातव्या पानावर झोप लागती."

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकदम मिळाली. मला कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं, पण खाली लुंगी होती. उठलो असतो तर तीही सगळ्यांनी बघितली असती.

लेखिकाबाईंनी मात्र मान पुढं केली. "आजी, कशी वाटली हो तुम्हाला कथा?"

"खरं सांगू का?" मामी खाली बसल्या. पाइप माझ्या हातात दिला. "यानात सैपाकघर घातलं, ते लय चांगलं केलं. मागच्या एका यानात चूलच न्हवती. मी मीनीला म्हणलं, दोनशे माणसं खायलीत काय?"

 पडद्यावर खाली भराभर अक्षरं उमटायला लागली. "अन्नव्यवस्था???" "वारसाहक्कपण यांचाच का?" "आणि यंत्रमानव?" सगळे चौकोन पडद्याच्या त्या बाजूनं माझ्याकडं बघायलेत, असं मला वाटलं. मामींनी ती अक्षरं बोट ठेवून वाचली. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. कालपासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

"माझं बोलणं तुमी ह्या लोकांला सांगत व्हता?"

"हो, मामी."

"तुमचं म्हणून?"

"हो."

दोन वर्षांत एकदाही या बाईचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. यमुनाबाई. एवढं सोपं नाव. मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. पाइपातून सू सू आवाज यायला लागला होता.

"मंग मला आधी सांगायचं की," मामी म्हणाल्या. "आजून नीट बोलले आसते."

कुणीतरी पहिल्यांदा हसलं. मग सगळे हसले. लेखिकाबाईंनी विचारलं, "पण आजी, कादंबरीचं पारायण का हो? ही काही पोथी नाही."

"ते मला कळत न्हाई व्हय?" मामींनी पदर सारखा केला. "लग्न झालं तवा मी चौथी शिकलेली. पुस्तक हातात घेतलं की सासू म्हणायची, बसून काय खायली, पाणी आण. मंग पोथी घेतली. पोथी वाचणाऱ्या बाईला कुणी हाक मारत न्हाई. धनी बी मारत न्हाई, सासू बी मारत न्हाई. पन्नास वरसं झाली बाई, दिवसातला तेवढाच एक तास माझा. म्हणून मी समदंच पोथी करून वाचते."

 केतकीताईंनी चष्मा काढला. दाराशी मीना उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता.

"मग आजी, सोयर कशाला पाळता? शेवट वाचून टाका ना!" केतकीताई म्हणाल्या.

"न्हाई. नियम माझ्या सोयीला लावला, तर गैरसोयीला बी पाळाय पायजे." मामी जरा पुढं झुकल्या आणि हळूच म्हणाल्या (पण मोबाइलमध्ये हळू काही नसतं), "आन् परत पयल्यापासून वाचते म्हणलं, ते पारायण मोडलं म्हणून न्हाई. गोष्ट चांगली हाय म्हणून."

 लेखिकाबाई वहीत तोंड घालून काहीतरी लिहायला लागल्या. मामींना वाटलं, या आपलं म्हणणं उतरवून घ्यायलेत. त्यांना चेव आला. "आता चूक सांगू का? पाणी संपायलंय म्हणून समदं यान रडायलंय. एवढं काय झालं? परभणीला या. धाव्या दिवशी पाणी येतंय. भांडी घासलेलं झाडाला, न्हायलेलं फरशीला. त्या कमांडरला म्हणावं, हिरवं बी दाबू नको, तांबडं बी दाबू नको, आधी पाणी कसं पुरवायचं ते शीक!"

"मामी, ड्रम..." मी म्हणालो.

"ओ, गप बसा की! बोलायले न्हवं मी!"

ड्रम कोरडाच, आणि माझ्या हातातला पाइप भरभरून वाहत होता. दहा दिवसांचं पाणी फरशीवर चाललं होतं आणि चारठाण्याची बाई जागची हलली नाही. मी पाइप घेऊन स्वयंपाकघरात पळालो. ड्रम झाला, घागरी झाल्या, बादल्या झाल्या, पातेली झाली. हॉलमधून टाळ्यांचे आवाज येत होते. अशा टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या. ओला होऊन परत आलो तेव्हा केतकीताई म्हणाल्या, "सर, आपला नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि चौकोन विझायची वाट बघत उभा राहिलो. पण तो विझवायचा कसा? त्यात मामी बसलेल्या! शेवटी चौकोन ठेवला आणि मला काढलं. खालचं माझं नाव खोडून तिथं लिहिलं, 'यमुनाबाई, चारठाणा'.

तेव्हापासून मंडळात मामी बोलतात. मी मोबाइल धरतो, उदबत्ती लावतो, आणि पारायण चालू असताना दारात बसून कुणाला हाक मारू देत नाही. मीना म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच तुमचा घरात काही उपयोग झाला.

सोयर फिटलं, अठरा अध्याय झाले आणि बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी समाप्ती झाली. अख्खं मंडळ पडद्यावर हजर, लेखिकाबाईसुद्धा. पुरणपोळीचा नैवेद्य झाला, घरात सगळ्यांना वाटून झाला आणि मामींनी शेवटचा अध्याय मोठ्यानं वाचायला घेतला. कमांडर काचेपाशी आली, दोन बटणं आली, तिनं हात उचलला. तिनं पुढं काय केलं, हे लोक मला अजूनही विचारतात. शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. तीन पुरणपोळ्या पोटात होत्या, आणि अध्याय सात पानांपेक्षा मोठा होता.